देवळातील जुने पितळ

जीर्णोद्धार निघाला की जुन्या समया, घंटा, मुखवटे मोडीत घालण्याची टूम हमखास निघते. तराजूवर गेलेली वस्तू परत येत नाही! आपला बीड मुलूख एके काळी कल्याणीच्या चालुक्यांच्या अंमलाखाली होता. त्या घराण्यातील सोमेश्वर तिसरा याने इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मेणाची मूर्ती करून, तिला माती लिंपून, मेण वितळवून धातू ओतण्याची रीत दिली आहे. यात साचा फोडावाच लागतो. म्हणून जोडीतल्या वस्तूही तंतोतंत सारख्या नसतात. लोहचुंबक चिकटले तर आत लोखंड समजावे. दात्याचे नाव वा शक कोरलेला असल्यास ग्रामस्थ मंडळींनी चिंच-राखेने घासू नये. १९७२ च्या कायद्याने ऐतिहासिक मोलाची शंभर वर्षांवरील वस्तू पुरावस्तू ठरते व खाजगी माणसास ती परदेशी पाठविता येत नाही.