खेळीसन पोट भरस का? खेळाच्या डिग्रीची गोष्ट, सुरुवात अमळनेरहून

बसमध्ये आवाज नीट येत नाही म्हणून वाचणारे पण बरेच आहेत, त्यांच्यासाठी हा भाग जसा बोललो तसाच, थोडा नीटनेटका करून खाली देतोय.

मागच्या महिन्यात एका श्रोत्या ताईचा व्हॉइस मेसेज आला. पारोळा तालुक्यातली, बारावी सायन्स झालेली, जिल्ह्यापर्यंत खो-खो खेळलेली. ती म्हणाली, "दादा, मला स्पोर्ट्स सायन्समध्ये डिग्री करायची आहे. घरी सांगितलं तर आबा म्हणाले, खेळीसन पोट भरस का? आणि पप्पा म्हणाले, एवढं शिकून शेवटी पीटीची मॅडमच होशील ना. मी त्यांना काय सांगू?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण हा प्रश्न माझ्याही नडगीत अडकलेला आहे. अक्षरशः.

मी धुळ्याचा. आपल्याकडे पोलीस भरती म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. एसआरपीचा गट धुळ्यात, पोलीस प्रशिक्षण केंद्र धुळ्यात. पहाटे पाचला पांझरेच्या काठाने निघालात तर अंधारात नुसते बुटांचे आवाज येतात. जळगावला मेहरूण तलावावर तेच. मीही त्या गर्दीत होतो. एका मैदानावर एक सर आम्हाला पळवायचे. सर मनाने चांगले होते, फी पण घेत नव्हते. फेब्रुवारीत माझी उजवी नडगी दुखायला लागली. सर म्हणाले, "पट्टी बांध आणि पळ, दुखणं पळून जातं." मी पळालो. दुखणं काही पळालं नाही. एप्रिलमध्ये एक्स-रे काढला तेव्हा हाडाला बारीक चीर होती. डॉक्टरांनी एकच विचारलं, "आठवड्याला किती किलोमीटर पळत होतास आणि ते कधी वाढवलंस?" मला सांगता आलं नाही. मी कधी मोजलंच नव्हतं. सरांनीही नाही.

भरती गेली ती गेली. तीन महिने पाय वर करून बसलो आणि तेव्हा वाचायला लागलो. मला एवढंच बघायचं होतं की व्यायाम मोजायची सुरुवात कुणी केली. मला वाटलं होतं उत्तर जर्मनीत नाहीतर अमेरिकेत सापडेल. तिथे सापडलंच, पण एक धागा थेट अमळनेरला निघाला. ज्या स्टेशनवरून मी शेकडो वेळा गेलो असेन, तिथे.

अमळनेरचे प्राचार्य

माणसाचं नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा, गुजरातमधल्या डभोईचा. संस्कृतमध्ये हुशार, बडोद्याला शिकलेला. बडोद्यात तेव्हा जुम्मादादा व्यायाममंदिर होतं आणि तिथे प्रोफेसर माणिकराव कुस्ती, लाठी, मल्लखांब असं सगळं शिकवायचे. १९०७ ते १९१० गुणे तिथे घाम गाळत होते. त्याच बडोद्यातून पुढे मुजुमदारांनी संपादित केलेला दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश निघाला. म्हणजे व्यायामाबद्दल लिहून ठेवायची, वर्गवारी करायची सवय त्या गावाच्या हवेतच होती म्हणा ना.

हे गुणे पुढे आपल्या खान्देशात आले. अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीचं राष्ट्रीय वळणाचं काम जोरात होतं. गुणे तिथे शिकवायला लागले आणि १९१६ मध्ये तिथल्या नॅशनल कॉलेजचे प्राचार्य झाले. पण राष्ट्रीय शिक्षण इंग्रज सरकारला खुपणारच. १९२० मध्ये ते कॉलेज बंद पडलं.

या सगळ्याच्या मधेच, १९१९ मध्ये, त्यांना नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदास नावाचे योगी भेटले. गुण्यांनी त्यांच्याकडून योग शिकून घेतला. इथपर्यंतची गोष्ट त्या काळातल्या बऱ्याच जणांची आहे. वेगळेपण पुढे आहे. गुण्यांना प्रश्न पडला: नौली करताना, म्हणजे पोटाचे स्नायू फिरवताना, आत नेमकं होतं काय? गुरूंनी सांगितलं म्हणून मान्य करायचं की बघायचं?

त्यांनी बघायचं ठरवलं. १९२०-२१ च्या सुमारास काही विद्यार्थ्यांना घेऊन ते बडोद्याच्या राज्य रुग्णालयात गेले. उड्डियान आणि नौली करणाऱ्या माणसाच्या आत काय चाललंय ते त्यांनी यंत्रांनी तपासायला घेतलं. पुढे एक्स-रे आला, दाब मोजायची नळी आली. दिसलं असं की नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. त्या पोकळीला त्यांनी गुरूंचं नाव दिलं, माधवदास पोकळी. मला हे फार आवडतं. श्रद्धा गुरूंवर, पण आकडा यंत्राचा.

हेच गुणे म्हणजे स्वामी कुवलयानंद. ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, सोबत प्रयोगशाळा आणि 'योगमीमांसा' नावाचं नियतकालिक. आता तारखा जरा शेजारी ठेवून बघा. व्यायामाच्या शास्त्रात जिचं नाव सगळ्यात आधी घेतात ती अमेरिकेतली हार्वर्ड फटीग लॅबोरेटरी १९२७ ची. लोणावळ्याची प्रयोगशाळा तिच्या तीन वर्षं आधीची. पैसा, यंत्रं, माणसं यात तुलनाच नाही, ते मान्य. पण प्रश्न विचारायची पद्धत तीच होती.

त्यांच्या प्रामाणिकपणाचा एक नमुना. प्राणायामाने शरीरात भरमसाठ ऑक्सिजन जातो असं तेव्हाही सगळे सांगायचे, आज रीलवाले सांगतात. कुवलयानंदांनी मोजमाप केलं आणि लिहिलं की प्राणायामाचं महत्त्व ऑक्सिजनच्या प्रमाणात नाही. स्वतः योगी असून! आपल्या आवडत्या गोष्टीबद्दलची सोयीची समजूत मोडायला हिंमत लागते.

मग डिग्री कुठे आली?

आता जरा अमेरिकेत जाऊ, कारण डिग्रीची गोष्ट तिथे आधी सुरू होते. १८९१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात जॉर्ज फिट्झ नावाच्या डॉक्टरने शरीररचना, शरीरक्रिया आणि शारीरिक प्रशिक्षण असा विभाग उघडला. चार वर्षांचा अभ्यास, व्यायामाची प्रयोगशाळा आणि शेवटी बीएस्सी. १८९३ मध्ये पहिला विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडला. पण मोजकीच मुलं आली आणि दशक संपता संपता विभाग गुंडाळला गेला.

कारण शाळांना घाई होती. त्यांना प्रयोग करणारा माणूस नको होता, मैदानावर शिट्टी वाजवणारा हवा होता. पुढची पन्नास-साठ वर्षं शारीरिक शिक्षण म्हणजे शिक्षक तयार करणं हेच समीकरण राहिलं. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रँकलिन हेन्री या प्राध्यापकाने एक निबंध लिहून सरळ मांडलं की हा स्वतंत्र ज्ञानाचा विषय आहे, फक्त शिक्षकी पेशाची तयारी नाही. त्यानंतर तिकडे विभागांच्या पाट्या बदलायला लागल्या आणि एक्सरसाइज सायन्स, कायनेसिऑलॉजी ही नावं आली.

आपल्याकडेही तसंच घडलं, थोडं मागून. १९२० मध्ये हॅरी बक यांनी मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं, ते शिक्षक घडवण्यासाठी. १९३८ मध्ये मुंबई सरकारने कांदिवलीला प्रशिक्षण संस्था काढली, तीही शिक्षकांसाठीच. बारावीनंतर म्हणता येईल अशी तीन वर्षांची सलग पदवी स्वतंत्र भारतात आली, १९५७ च्या ऑगस्टमध्ये, ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई कॉलेजात. अठराशे सत्तावनच्या उठावाला शंभर वर्षं झाली म्हणून राणीचं नाव.

आणि आपल्या भुसावळच्याच लाइनवर पुढे, बडनेऱ्याला उतरून अमरावती. तिथलं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, वैद्य बंधूंनी उभं केलेलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्या पथकाने तिथे जाऊन देशी खेळ करून दाखवले होते. पुढे तिथे शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय झालं.

आणि खान्देश? जळगावला स्वतःचं विद्यापीठ मिळालं १५ ऑगस्ट १९९० ला. त्याआधी आपण पुण्याला जोडलेले. आज जे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे ते जळगाव, धुळे, नंदुरबार सांभाळतं. म्हणजे ज्या अमळनेरात १९१६ मध्ये कुवलयानंद प्राचार्य होते, त्या भागाला स्वतःची पदवी द्यायला पाऊणशे वर्षं लागली. तोवर 'पीटी' हा शब्द आपल्या डोक्यात पक्का बसला होता: शिट्टी, रांग, सावधान-विश्राम.

हा फरक जीवावर येतो तेव्हा

तुम्ही म्हणाल, मोजलं काय नि नाही मोजलं काय, एवढं काय त्यात. जून २०१४ आठवा. मुंबईच्या पोलीस भरतीत उमेदवारांना पाच किलोमीटर पळवत होते. उकाडा, दमट हवा, लांबून आलेली पोरं, रात्री धड झोप नाही. काही उमेदवारांचा त्या धावेत मृत्यू झाला. नंतर अंतर कमी केलं. आज मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं.

उष्णतेत शरीराचं काय होतं हे शास्त्राला तेव्हाही माहीत होतं. ते मैदानापर्यंत आणणारा माणूस नव्हता, प्रश्न तिथे होता.

आपल्या भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. एक साधी गोष्ट सांगतो, याला लॅब लागत नाही, किराणा दुकानातला वजनकाटा चालतो. पळायच्या आधी वजन करा, पळून घाम पुसून परत करा. एक किलो कमी भरलं तर साधारण एक लिटर पाणी घामावाटे गेलं. सत्तर किलोच्या माणसाचं वजन दीड किलोने उतरलं म्हणजे दोन टक्क्यांच्या वर गेलं, तिथून कामगिरी घसरायला लागते. आणि नवीन जागी, नवीन उन्हात शरीराला रुळायला आठवडा-दोन आठवडे लागतात. हे माहीत असलेला माणूस पोरांना पहिल्या दिवशी पाच किलोमीटर पळवणार नाही. आणि नडगी दुखत असेल तर पट्टी बांधायच्या आधी वही मागेल.

तर ताई, तुझ्यासाठी

आता तुझं उत्तर. बाजारात तीन दारं आहेत आणि सगळे त्यांना एकच समजतात.

पहिलं, बीपीएड. हे पदवीनंतरचं आहे, २०१४ च्या नियमांपासून दोन वर्षांचं. शाळेत क्रीडाशिक्षक व्हायचं असेल तर हे लागतं. दुसरं, बीपीईएस किंवा बीपीई, बारावीनंतर तीन वर्षं. यात खेळ, मैदान आणि थोडं शास्त्र. तिसरं, बीएस्सी स्पोर्ट्स सायन्स. यात शरीरक्रिया, हालचालींचं यंत्रशास्त्र म्हणजे बायोमेकॅनिक्स, आहार, मानसशास्त्र, सराव आखण्याचं शास्त्र. आणि एक सावधगिरी: यातलं कुठलंही दार तुला फिजिओथेरपिस्ट करत नाही. ती बीपीटी वेगळी, तिची प्रवेश प्रक्रिया वेगळी.

मणिपूरला २०१८ च्या कायद्याने राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ झालंय. आपल्या राज्यानेही २०२० मध्ये क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला. म्हणजे दारं वाढतायत. पण पाटीवर 'सायन्स' लिहिलं म्हणून आत सायन्स असतंच असं नाही. प्रवेश घ्यायच्या आधी जा आणि तीन गोष्टी विचार. लॅब दाखवा. शेवटच्या वर्षात मुलं स्वतः मोजमाप करून प्रकल्प लिहितात का? मागच्या वर्षीचा एखादा प्रकल्प वाचायला द्याल का? लॅबची चावी सापडत नसेल तर समजून घे.

खोटं सांगणार नाही. या डिग्रीनंतर शाळेसारखी ठरलेली नोकरी हातात पडत नाही. बरेच जण पुढे एमएस्सी करतात, संघांसोबत, अकादमीत, जिममध्ये काम शोधतात, काही बीपीएड करून शाळेतच जातात. आणि पप्पांना हे पण सांग की पीटीची मॅडम होणं कमीपणाचं नाही. ज्या मॅडमला मोजता येतं, ती शंभर पोरींच्या नडग्या वाचवते.

आबांचा प्रश्न राहिला. आबांना अमळनेरच्या प्राचार्यांची गोष्ट सांग. कॉलेज सरकारने बंद पाडलं, हातची नोकरी गेली आणि तो माणूस दवाखान्यात जाऊन पोटाच्या आतला दाब मोजत बसला. लोक तेव्हाही हसले असतील. आबा कदाचित लगेच मानणार नाहीत. माझे अजून मानत नाहीत. पण मी रोज सकाळी पळून आल्यावर वहीत आकडा लिहितो, तेव्हा ते हळूच विचारतात, "आज कितलं झाय रे?"

तेवढं पुरे आहे सुरुवातीला. भेटू पुढच्या भागात. तोवर पळा, पण वही घेऊन.