पागडीची खोली आणि माझं चुकलेलं एक्सेल

मागच्या दिवाळीत मावशीचा फोन आला. “अगं, काका रिटायर झाले. लालबागला एक पागडीची खोली मिळतेय. घेऊन भाड्याने दिली तर महिन्याला चार पैसे सुटतील. तू भाड्यांवरच पीएच.डी. करतेयस ना? बघ जरा.”

मी संख्याशास्त्रातली एम.एस्सी. लगेच एक्सेल उघडलं. एका रकान्यात खोलीची किंमत, दुसऱ्यात बारा महिन्यांचं भाडं. परतावा इतका छान आला की मावशीला “घेऊन टाका” म्हणणारच होते. पण त्याच आठवड्यात भाडे नियंत्रण कायद्याच्या नोट्स काढत होते, त्यामुळे वाचले. एक्सेलमधला प्रत्येक आकडा बरोबर होता, पण मुळात ते भाडं घ्यायचा हक्क मावशीला मिळणारच नव्हता. असं का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत गिरण्या वाढल्या आणि कोकण-घाटावरून माणसं आली. त्यांच्यासाठी खासगी मालकांनी चाळी बांधल्या. आजच्या भाषेत ती ‘रेंटल इन्व्हेस्टमेंट’च होती. एकेक खोली, समाईक गॅलरी, समाईक संडास, म्हणजे कमी खर्चात जास्त भाडी. १८९६ च्या प्लेगने या दाटीचे परिणाम उघडे केले आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. तरीही भाड्यासाठी घर बांधणं हा फायद्याचा धंदा राहिला.

पहिल्या महायुद्धात महागाई वाढली, भाडी भडकली. १९१८ मध्ये मुंबईत भाडं रोखणारा युद्धकालीन कायदा झाला. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर पुन्हा तेच. मग आला १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्यात ‘प्रमाण भाडं’ ठरवायला १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरली. त्या दिवशी जे भाडं होतं, ते गोठलं. कायदा मुळात थोड्या वर्षांपुरता होता, पण मुदतवाढ मिळत मिळत तो पन्नास वर्षं टिकला.

इथे लगेच ‘कायदा वाईट’ असा निष्कर्ष काढू नका. १९८२ चा गिरणी संप सुरू झाल्यावर पगार थांबलेल्या कितीतरी घरांच्या डोक्यावरचं छप्पर या गोठलेल्या भाड्यामुळे टिकलं. पण त्याच गोठलेल्या भाड्यातून मालकाचा दुरुस्तीचा खर्चही निघेना. इमारती खचायला लागल्या. शेवटी १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करून सरकारला उपकर घेऊन डागडुजी हाती घ्यावी लागली.

लोकांनी वाटा काढल्याच. एक वाट पागडीची. भाडं नाममात्र, पण खोली हातात देताना मोठी रक्कम घ्यायची. मालकाने अशी रक्कम घेणं १९४७ च्या कायद्याने गुन्हा होता, त्यामुळे व्यवहार काळ्या पैशात चालला. दुसरी वाट ‘लिव्ह अँड लायसन्स’ची. राहणाऱ्याला भाडेकरू म्हणायचंच नाही, फक्त वापराची परवानगी द्यायची. पण १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी राहत असलेल्या अशा परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. घर भाड्याने दिलं की गेलं, ही भीती अनेक मराठी घरांत आजही दिसते. कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटमागे हा इतिहास आहे.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की काळाबरोबर न बदलणारं हे गोठलेलं भाडं आता अवाजवी झालंय. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. पागडी कायदेशीर झाली, भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. पण सुरुवातच कमी असेल तर? १०० रुपये भाडं ४ टक्के चक्रवाढीने २५ वर्षांत जेमतेम २६७ रुपये होतं.

आता मावशीच्या खोलीकडे येऊ. नवीन घर घेणाऱ्यांनी यातले मुद्दे लिहून ठेवावेत.

एक, पागडीची खोली घेणारा मालक होत नाही, भाडेकरू होतो. त्याने मालकाच्या संमतीशिवाय ती पुढे भाड्याने दिली, तर तेच खोली खाली करून घ्यायला कारण ठरू शकतं. सबळ कारण नसताना सलग सहा महिने वापरली नाही, तरीही. म्हणजे भाडं कमावण्यासाठी ही खोली नव्हेच.

दोन, मालकी हक्काचं घर असेल तर करार लेखी आणि नोंदणीकृतच करा. ‘११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर वादात अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, शिवाय दंड किंवा कैदही होऊ शकते.

तीन, परतावा निव्वळ काढा. समजा घर ६० लाखांचं, भाडं १५ हजार. वर्षाचे १ लाख ८० हजार, म्हणजे ३ टक्के. त्यातून एक महिना रिकामा गेला, सोसायटीचे महिन्याला ३ हजार गेले, की उरतात १ लाख २९ हजार, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आत. मालमत्ता कर, रंगकाम, दलाली आणि सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतचं नॉन-ऑक्युपन्सी शुल्क अजून बाकीच आहे.

चार, विसार देण्याआधी इंडेक्स-टू, शेअर सर्टिफिकेट आणि सोसायटीची थकबाकी बघा. शंका असेल तर वकिलाची फी द्या. ती सगळ्यात स्वस्त पडते.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी यात काय आहे? मी भाडं हा नुसता आकडा धरला. प्रत्यक्षात १९३८ ची भाडेपावती, १९७५ ची भाडेपावती आणि २०१५ चा लायसन्स करार यांतलं ‘भाडं’ ही तीन वेगळी मापं आहेत. एकाच आलेखावर ती जोडली तर रेघ सुंदर येईल, पण तिचा अर्थ लागणार नाही. माझ्या पहिल्या प्रगती अहवालात मी नेमकं हेच केलं होतं आणि गाईडनी विचारलेला पहिलाच प्रश्न होता, “हे भाडं कोणत्या कायद्याखालचं?” तेव्हापासून माझ्या डेटाशीटमध्ये रकमेच्या आधी दोन रकाने असतात, तारीख आणि हक्काचा प्रकार. तुम्हीही डेटा गोळा करायच्या आधी तो कोणत्या नियमाखाली तयार झालाय ते विचारा.

मावशीने खोली घेतली नाही. विसार दिला नव्हता, हे नशीब. काका आता बदलापूरला घर बघतायत आणि दर रविवारी मला कागदांचे फोटो पाठवतायत.