शालेय तंत्रज्ञान शिक्षण : विद्यार्थ्यांची आवडनिवड

शाळेतल्या तंत्रज्ञान विषयातले मुलांना काय भावते, काय कंटाळवाणे वाटते आणि त्यामागे कोणती कारणे असतात, याचा शोध घेणारे शिक्षणसंशोधनाचे क्षेत्र. अभ्यासक्रम मोठ्यांनी आखायचा आणि मुलांनी तो मुकाट्याने पुरा करायचा, अशी रीत जगभर होती. १९८०च्या दशकात नेदरलँड्समधील आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात यान राट आणि मार्क द व्रीस यांनी मुलांनाच विचारायचे ठरवले. त्यांची ‘पॅट’ प्रश्नावली पुढे अनेक देशांत वापरली गेली.

उत्तरांत एक गोष्ट वारंवार दिसली. बहुतेक मुलांच्या लेखी तंत्रज्ञान म्हणजे यंत्रे आणि उपकरणे, पुढे पुढे तर नुसता संगणक. मुलग्यांनी मुलींपेक्षा जास्त आवड नोंदवली. मात्र हा विषय दोघांनाही सारखाच जमतो, असे मुलींनी अधिक ठामपणे सांगितले. २०१३मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी प्रश्नावली २४ विधानांवर आणली. तीत आवड आणि कंटाळा वेगवेगळे मोजले जातात, आणि ते योग्यच आहे. घरी रेडिओ खोलून बसणारा मुलगा तासाला जांभया देऊ शकतोच.

इंग्लंडमध्ये १९९०पासून ‘डिझाइन आणि तंत्रज्ञान’ हा विषय सक्तीचा झाला. त्यातली शाखा निवडण्याची मुभा मिळताच मुली कापड आणि खाद्य तंत्रज्ञानाकडे, तर मुलगे लाकूड-धातूकाम आणि इलेक्ट्रॉनिक्सकडे वळले. २००४मध्ये चौदा वर्षांपुढील मुलांसाठी सक्ती उठली आणि परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या घसरत गेली.

ही निवड उपजत आवडीची की समोर ठेवलेल्या पर्यायांची? या प्रश्नाच्या दृष्टीने मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे काम महत्त्वाचे ठरते. तेथील संशोधकांनी माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरच्या मुलांना तीन कामे दिली : पिशवी बनवणे, वजन उचलणारी पवनचक्की उभारणे आणि बाहुल्यांचा खेळ बसवणे. शहरी इंग्रजी, शहरी मराठी आणि ग्रामीण मराठी अशा तिन्ही माध्यम-परिसरांतली मुले त्यात होती. काही गट फक्त मुलींचे, काही फक्त मुलांचे, काही मिश्र. आधी कागदावर आराखडा, मग हत्यारे हातात. कामे सगळ्या गटांना सारखीच असल्याने सुईदोरा मुलांच्या गटालाही चुकला नाही आणि पवनचक्की मुलींच्या गटालाही. प्रश्नावलीत हे कधीच उमटले नसते. ‘तुला यंत्रे आवडतात का?’ एवढ्यावरून मुलींची नावड ठरवणे घाईचेच.

पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाने वाट थोडी वेगळी धरली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेच्या ‘मूलभूत तंत्रज्ञान’ अभ्यासक्रमात आठवडाभरातला एक दिवस हाताने काम करण्यासाठी राखलेला असतो. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य ही चारही दालने प्रत्येकाने हाताळायची. वेल्डिंग मुलीही करतात, स्वयंपाकघरातले प्रयोग मुलगेही. इथे निवड आधी नाही, अनुभवानंतर होते.

२०१६पासून केंद्र सरकारच्या ‘अटल टिंकरिंग लॅब’ या शालेय प्रयोगशाळांच्या योजनेसाठी निवडलेल्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि तिथे त्रिमितीय मुद्रक, सेन्सर, रोबोटचे सुटे भाग येतात. सामानाची मागणी नोंदवण्याआधी अशा शाळांनी आपल्याच सातवी-आठवीच्या मुला-मुलींना काय बनवून पाहायचे आहे, हे जरूर विचारावे.