घरांसाठी राखलेली जमीन रिकामी ठेवली तर कर: आयर्लंडचा हा कायदा सारखा लांबणीवर का पडतोय?

घरं कमी, भाडं न परवडणारं आणि शहराच्या कडेला घरबांधणीसाठी राखून ठेवलेली जमीन वर्षानुवर्षं तशीच पडून. वाचून पुणे किंवा नाशिक डोळ्यांसमोर येईल, पण ही गोष्ट आयर्लंडची आहे. तिथल्या सरकारने यावर उपाय म्हणून एक कर आणला. कायदा झाला 2021 मध्ये, पण वसुलीची तारीख काही एका जागी राहीना.

नेमका कर काय आहे?

नाव आहे 'रेसिडेन्शियल झोन्ड लँड टॅक्स'. दर जमिनीच्या बाजारभावाच्या 3 टक्के, आणि तोही दरवर्षी. म्हणजे समजा जमिनीचा भाव 10 लाख युरो असेल, तर घर बांधायला सुरुवात होईपर्यंत वर्षाला 30 हजार युरो भरायचे.

त्यासाठी दोन अटी आहेत. जमीन निवासी झोनमध्ये हवी (आपल्याकडे डीपीत 'येलो झोन' म्हणतात तसं) आणि तिथे रस्ता, पाणी, ड्रेनेज या सोयी पोहोचलेल्या हव्यात. राहत्या घराच्या अंगणावर हा कर लागत नाही. मात्र अंगण एकरापेक्षा मोठं असेल तर नोंदणी करावी लागते.

याआधी 2015 च्या कायद्याने रिकाम्या भूखंडांवर वेगळा आकार लावला होता. त्याचा दर 3 वरून 7 टक्क्यांवर नेला, तरी तो वसूल करायचं काम स्थानिक कौन्सिलकडे होतं आणि वसुली फारच कमी झाली. म्हणून नवा कर थेट तिथल्या महसूल खात्याकडे दिला गेला.

मग अडलं कुठे?

शेतकऱ्यांपाशी.

नोव्हेंबर 2022 मध्ये कौन्सिलनी कराच्या कक्षेतल्या जमिनींचे प्राथमिक नकाशे जाहीर केले. त्यात ज्यांवर रोज गाई चरतात अशी कुरणंही होती. यातल्या अनेकांनी झोन बदलून मागितला नव्हता. कौन्सिलने आराखडा करताना तो लावला होता. पण झोन निवासी झाला की कागदावर जमिनीचा भाव वाढतो आणि कर त्या वाढलेल्या भावावर बसतो. शेतीचं उत्पन्न मात्र तेवढंच. कर भरायला जमीनच विकावी लागेल, अशी ही कोंडी होती. आयरिश फार्मर्स असोसिएशनने जोरदार विरोध केला.

पहिली वसुली 1 फेब्रुवारी 2024 पासून होणार होती. ऑक्टोबर 2023 च्या बजेटमध्ये अर्थमंत्री मायकल मॅकग्रा यांनी ती वर्षभर पुढे ढकलली. (तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड.)

गोम अशी की ही मुदतवाढ सरसकट होती. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, तसाच भाव वाढायची वाट बघत भूखंड धरून बसलेल्यालाही मिळाला. कर आणला होता तो तर याच दुसऱ्या गटासाठी!

2025 मध्ये काय झालं?

ऑक्टोबर 2024 च्या बजेटमध्ये जॅक चेंबर्स यांनी जरा वेगळा मार्ग काढला. 1 फेब्रुवारी 2025 ही तारीख कायम ठेवली. पण ज्यांच्या जमिनीवर शेतीसारखा व्यवसाय खरोखर चालू आहे, त्यांनी 1 एप्रिलपर्यंत कौन्सिलकडे झोन बदलण्याची मागणी करायची आणि त्या वर्षाच्या करातून सूट मागायची. बाकीच्यांनी 23 मे 2025 पर्यंत स्वतः जमिनीची किंमत काढून विवरणपत्र भरायचं.

हा मार्ग आधीच्यापेक्षा न्याय्य आहे, पण फुकट नाही. झोन बदलला तर शेतकरी करातून सुटतो, मात्र जमिनीला आलेला वाढीव भावही जातो. आणि कौन्सिलच्या हातून रस्ता-पाणी पोहोचलेली, घरं उभी राहू शकली असती अशी जागा जाते. असे किती अर्ज मंजूर करायचे, हा निर्णय कौन्सिलच्या हातात आहे.

ऑक्टोबर 2025 च्या बजेटमध्ये 2026 साठीही झोन बदलून मागण्याची संधी पुन्हा देण्यात आली.