दोन ठिकाणी झिजलेली कॅसेट

व्हिडिओ प्लेअर मोडीत निघून बरीच वर्षे झाली, तरी आपल्यापैकी अनेकांच्या बेसमेंटमध्ये जुन्या कॅसेटींचे एखादे खोके अजून धूळ खात पडलेले असेल. आमच्या खोक्यातली एक कॅसेट दोन ठिकाणी झिजलेली आहे. ती ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ची. सुरुवातीचा सतारीचा भाग मी पुन्हा पुन्हा लावून झिजवला. शेवटाकडचा बॉब डिलनचा भाग आमच्या चिरंजीवांनी. सतार आली की तो टेप पुढे पळवायचा, गिटार आली की मी मागे फिरवायचो.

१९७१ साली मी पुण्यात शाळेत होतो. पूर्व पाकिस्तानात नोव्हेंबर १९७० मध्ये भयंकर चक्रीवादळ झाले आणि २५ मार्च १९७१ पासून लष्कराचे अत्याचार सुरू झाले. सुमारे १ कोटी माणसे जीव मुठीत धरून भारतात आली. आमच्या घरात त्याची खूण म्हणजे पोस्टाचे ५ पैशांचे जादा तिकीट. त्या नोव्हेंबरपासून निर्वासितांच्या मदतीसाठी ते पत्रावर लावावे लागे. चिकटवायचे काम दादा माझ्याकडे देई.

इकडे अमेरिकेत रविशंकरांच्या जिवाची घालमेल होत होती. त्यांच्या वडिलांचे घराणे पूर्व बंगालमधले. १९६६ मध्ये जॉर्ज हॅरिसन त्यांच्याकडे सतार शिकायला मुंबईला गेला होता. त्या शिष्यापाशी त्यांनी मन मोकळे केले आणि काही आठवड्यांत कार्यक्रम उभा राहिला. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी व रात्री असे दोन कार्यक्रम झाले; दोन्ही मिळून सुमारे ४०,००० श्रोते होते. आरंभी रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखा आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. वाद्ये जुळवून झाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला! जुळवणेच एवढे आवडले, तर वादन त्याहून आवडेल, अशी आशा रविशंकरांनी बोलून दाखवली. त्या जागी मी दर वेळी हसायचो.

तिकिटांचे सुमारे २,४३,००० डॉलर युनिसेफला मिळाले. रेकॉर्ड आणि १९७२ साली आलेला चित्रपट यांची कमाई मात्र कराच्या कचाट्यात सापडली. कार्यक्रमाआधी युनिसेफशी रीतसर व्यवस्था केलेली नव्हती, म्हणून करमाफी मिळेना. लाखो डॉलर कित्येक वर्षे अडकून पडले. ज्यांना गरज होती, त्यांनी वाट पाहायची!

आमची वाट पाहणे त्यापुढे अगदीच किरकोळ. कॅसेट बाजारातून नाहीशी झाली होती. डीव्हीडी आल्या, एकेक जुनी मैफल नव्या वेष्टनात दिसू लागली, आमचीच नाही. दुकानात गेलो की चिरंजीव आणि मी हॅरिसनच्या कप्प्यात हात घालून बघायचो. आमच्या घरात त्या कप्प्याएवढे एकमत दुसऱ्या कशावर नव्हते! दादालाही ती मैफल पाहायची होती; पण इथली एनटीएससी कॅसेट त्याच्या पाल पद्धतीच्या प्लेअरवर चालेना. २९ नोव्हेंबर २००१ रोजी हॅरिसन गेला, तेव्हा आम्ही आशाच सोडली.

अखेर ऑक्टोबर २००५ मध्ये दोन डीव्हीडींचा संच आला. चित्र स्वच्छ, आवाज नव्याने जुळवलेला, सोबत मैफल कशी घडली त्याची हकीकत, आणि मूळ चित्रपटात नसलेले डिलनचे एक गाणे. चिरंजीव खूष! एक संच मी पुण्याला पाठवला.

दादाचा फोन आला. टाळ्यांचा प्रसंग निघाला आणि मी सवयीने हसलो. दादा म्हणाला, “हसू नकोस रे. त्यांना सतार कळत नव्हती, पण ते आले आणि पैसे देऊन बसले. तू ते तिकीट चिकटवायचास, तेव्हा तुला तरी काय कळत होतं?”

मला उत्तर सुचले नाही. ती कॅसेट मात्र अजून टाकवत नाही.