‘नल’ मूल्य आणि आकृतिबंध-जुळणी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : संगणकीय नोंदीतील रिकामा रकाना म्हणजे कोरा शब्द की अज्ञात मूल्य, हा डेटाबेसच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न होय. एस्‌क्यूएल भाषेत शब्दांची आकृतिबंध-जुळणी करणाऱ्या ‘लाइक’ या अटीच्या संदर्भात त्याचा आणि मुंबई उपनगरातील पवई येथील संशोधनाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

तार्किक पार्श्वभूमी : एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक प्रतिमान मांडले. १९७९ च्या विस्तारित मांडणीत त्यांनी ‘नल’साठी सत्य, असत्य व अज्ञात अशा त्रिमूल्य तर्काचा आधार घेतला. १९८६ मध्ये प्रमाणित झालेल्या एस्‌क्यूएलनेही हा तर्क स्वीकारला.

त्याचे व्यावहारिक परिणाम दूरगामी आहेत. समजा, एखाद्या महाविद्यालयातील १०० विद्यार्थ्यांपैकी ४० जणांचा पत्ता ‘अंधेरी’ या शब्दाने सुरू होतो, ५५ जणांचा अन्य शब्दाने आणि ५ जणांचा पत्ता नोंदलेलाच नाही. ‘लाइक’ने ४० व ‘नॉट लाइक’ने ५५ नावे मिळतात, उरलेली ५ दोन्ही याद्यांतून गळतात. अज्ञाताचा नकारही अज्ञातच असतो आणि ‘व्हेअर’ केवळ सत्य ठरलेल्या ओळी स्वीकारते. कोणत्याही अक्षरसमूहाशी जुळणारे ‘%’ हे चिन्हही त्यांना शोधू शकत नाही. त्यासाठी ‘इज नल’ अशी स्वतंत्र अट घालावी लागते. ओरॅकल प्रणाली तर कोऱ्या शब्दालाही ‘नल’ मानते. त्यामुळे प्रणाली बदलताच उत्तरही बदलू शकते.

पवईतील संशोधन : येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. एस. सुदर्शन व सहकाऱ्यांनी ‘एक्सडेटा’ ही प्रणाली विकसित केली. अचूक क्वेरी व तिची किंचित सदोष रूपे यांची उत्तरे भिन्न येतील असा चाचणी-विदा ती तयार करते. २०१५ मध्ये ‘व्हीएलडीबी जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात शब्दविषयक अटी, ‘नल’ मूल्ये आणि विद्यार्थ्यांच्या क्वेरींचे मूल्यमापन यांचा समावेश होता. चाचणीत ‘नल’ नसेल तर वरील उदाहरणातील सदोष क्वेरीही निर्दोष भासते, हे ध्यानी घेता या कार्याचे महत्त्व स्पष्ट होते.

निष्कर्ष : ‘नल’मुळे घडणारी चूक कोणताही त्रुटिसंदेश देत नाही, यादी केवळ अपुरी राहते. प्रवेश वा शिष्यवृत्तीच्या यादीत अशा चुकीची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते. म्हणून एस्‌क्यूएलच्या अध्यापनात अज्ञात मूल्यांचा विचार आरंभापासूनच होणे अगत्याचे आहे.