'द लाउड हाउस' : दहा बहिणींचा एक भाऊ

'द लाउड हाउस' ही 'निकलोडियन' या अमेरिकी बालवाहिनीवर २ मे २०१६ रोजी सुरू झालेली विनोदी ॲनिमेशन मालिका. मिशिगन राज्यातील रॉयल वूड्स या काल्पनिक गावातील लाउड कुटुंब हा तिचा विषय. आई रिटा, वडील लिन, अकरा वर्षांचा लिंकन आणि त्याच्या दहा बहिणी असे तेरा जणांचे हे बिऱ्हाड. 'लाउड' म्हणजे मोठ्या आवाजाचा. घराचे वर्णन आडनावातच आले आहे.

दहा बहिणींचा एकुलता भाऊ म्हटला, की आपल्याकडे नवसाने झालेला, लाडाकोडात वाढलेला मुलगा डोळ्यांसमोर येतो. लिंकनचे तसे नाही. पाच बहिणी त्याच्याहून मोठ्या, पाच धाकट्या. तो बरोबर मधला. त्याची खोली म्हणजे मुळात चादरी-टॉवेल ठेवण्याची चिंचोळी जागा. न्हाणीघर, टीव्ही, गाडीतील बरी जागा यांपैकी काहीही त्याला केवळ मुलगा म्हणून मिळत नाही. त्यासाठी तो बेत आखतो, प्रेक्षकांकडे वळून तो समजावून सांगतो आणि बहुधा फसतो. कोणाचे तरी म्हणणे ऐकायचे राहून गेले, हे त्याला शेवटी उमगते. मालिकेचा गाभा हाच आहे.

बहिणींची नावेही 'ल'वरूनच. थोरली लोरी सदा फोनवर, लेनीला कपड्यांचा सोस, लूना रॉक संगीतात बुडालेली, लुआन विनोद करणारी आणि लिन खेळाडू. धाकट्यांपैकी ल्यूसी उदास कविता करते. लाना आणि लोला जुळ्या. एक चिखलात रमते, तर दुसरी सौंदर्यस्पर्धांत. चार वर्षांची लिसा शास्त्रज्ञ आणि लिली तान्ही.

मालिकेचे निर्माते ख्रिस सॅविनो स्वतः मिशिगनमधील रॉयल ओक येथे दहा भावंडांच्या घरात वाढले. मूळ कल्पनेत पंचवीस बहिणी असलेला ससा नायक होता. सशांऐवजी माणसेच घ्यावीत, असे वाहिनीकडून सुचविण्यात आले. २०१३च्या लघुपट उपक्रमातून ही कल्पना पुढे आली. वृत्तपत्रांतील रविवारच्या चित्रमालिकांची छाप तिच्या रेखाटनावर स्पष्ट दिसते. लिंकनचा मित्र क्लाइड याचे दोन वडील, हॉवर्ड आणि हॅरॉल्ड मॅकब्राइड, २०१६मध्ये पडद्यावर आले. निकलोडियनच्या ॲनिमेशनमधील ते पहिले विवाहित समलिंगी जोडपे ठरले.

बहिणींचा मान राखायला शिकणाऱ्या मुलाची ही गोष्ट. पण ऑक्टोबर २०१७मध्ये तिच्या निर्मात्यावरच अनेक महिलांनी लैंगिक गैरवर्तनाचे आरोप केले. वाहिनीने सॅविनो यांना काढून टाकले. त्यांनी जाहीर माफीही मागितली. निर्मात्याबरोबर मालिकाही संपणार का, हा प्रश्न होता. वाहिनीने ती बंद केली नाही. मायकेल रुबायनर यांनी सूत्रे हाती घेतली आणि लेखक व चित्रकारांच्या चमूने काम पुढे नेले.

त्यानंतर या घराचा विस्तारच झाला. २०१९मध्ये मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबावरील 'द कॅसाग्रांडेज' ही उपमालिका आली. स्कॉटलंडमध्ये घडणारा 'द लाउड हाउस मूव्ही' हा चित्रपट २०२१मध्ये नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला. प्रत्यक्ष कलाकारांना घेऊन केलेली 'द रिअली लाउड हाउस' ही मालिका २०२२मध्ये सुरू झाली, तर २०२४मध्ये 'नो टाइम टू स्पाय' हा चित्रपट आला.

ॲनिमेशनमधील पात्रांची वये सहसा वाढत नाहीत. येथे मात्र २०२०मध्ये सुरू झालेल्या पाचव्या पर्वात सारी भावंडे वर्षाने मोठी झाली. लिंकन माध्यमिक शाळेत गेला आणि लोरी महाविद्यालयासाठी घराबाहेर पडली. गोंगाटातील एक आवाज कमी झाला, आणि तो घराला जाणवला.